कॅमेऱ्याला जाब

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या 1985 सालच्या माहितीपटात एक बाई थेट दिग्दर्शकावरच उखडते. वस्ती पाडून झालेली, संसार उघड्यावर पडलेला, आणि हे लोक कॅमेरा रोखून समोर उभे. आमची चित्रं काढून तुम्ही नाव कमवून जाल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा मतलब. कॅमेरा निमूट ऐकून घेतो.

मी हा पट पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या एका खोलीत, झिजलेल्या व्हीएचएस टेपवर. चित्र पुसट, आवाज खरखरीत. पटातलं बरंचसं तेव्हा डोक्यावरून गेलं, पण ती बाई राहिली. पुढे ज्यांच्या-ज्यांच्याशी या पटाविषयी बोललो त्यांनाही तीच आठवत होती. संकलनाच्या टेबलावर तो तुकडा काढून टाकणं सोपं होतं, आणि काढला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. शिवाय तो फिल्मचा काळ. 16 मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात जेमतेम 11 मिनिटं मावतात, आणि प्रत्येक फूट पैसे मोजून आणलेला असतो. आपल्यालाच बोल लावणाऱ्या बाईवर ती फिल्म खर्च करायची, हा एक निर्णय. महिन्यांनंतर थंड डोक्यानं तो तुकडा पटात ठेवायचा, हा दुसरा.

1980 ते 1990 या दहा वर्षांतल्या आपल्याकडच्या माहितीपटाचं मोठेपण आणि त्याची अडचण, दोन्ही मला त्या एका दृश्यात दिसतात. त्या बाईचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हिशेबाचा आहे. माझ्या हालाचं तू चित्र करतोस, तर त्या व्यवहारात माझा वाटा कोणता? माहितीपटाची पारख याच प्रश्नावर व्हावी असं माझं म्हणणं आहे. विषय किती ज्वलंत, छायाचित्रण किती देखणं, पारितोषिकं किती, हे सगळं नंतर.

त्या आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं आणि त्याच्या रिळांची गाडी देशभरच्या थिएटरांतून फिरू लागली. मुख्य चित्रपटाआधी ती दाखवणं थिएटरमालकाला सक्तीचं होतं, वर त्याचं भाडंही त्यालाच भरावं लागे. ज्यांनी ती रिळं पाहिली त्यांना तो आवाज आजही कानात ऐकू येईल. भारदस्त, आत्मविश्वासानं भरलेला, कुठून येतो ते न कळणारा. धरण दाखवताना तोच, कुटुंबनियोजन सांगताना तोच, पूरग्रस्तांना धान्य वाटतानाही तोच. पडद्यावरची माणसं तोंडं हलवत, पण बोलत असे तो आवाज. आम्ही तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन येत असू. फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रतिभावान माणसं नव्हती असं कुणी म्हणू नये. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’ किंवा सुखदेव यांचा ‘इंडिया 67’ आज पाहिला तरी चकित व्हायला होतं. पण ती माणसं संस्थेच्या फटींतून वाट काढत होती. संस्थेचा स्थायीभाव लोकांना शहाणं करून सोडण्याचाच होता. मराठीत माहितीपटाला ‘अनुबोधपट’ असाही शब्द आहे. बोध कुणी कुणाला करायचा, ते त्या शब्दातच ठरून गेलेलं.

आणीबाणीनं त्या आवाजावरचा उरलासुरला विश्वास घालवला. त्याच सुमाराला पटवर्धनांनी बिहारच्या आंदोलनावर ‘क्रांति की तरंगें’ हा पट मिळेल त्या साधनांनी केला आणि 1978 मध्ये राजकीय कैद्यांवर ‘ज़मीर के बंदी’. सरकारी आवाजाला पर्याय हवा हे तेव्हा अनेकांना पटलं. मात्र आवाज बदलणं वेगळं आणि बोलणाऱ्याची जागा बदलणं वेगळं. सरकारी निवेदकाच्या खुर्चीवर क्रांतिकारक निवेदक बसवला तरी पडद्यावरचा माणूस मुकाच राहतो. ऐंशीच्या दशकातले कितीतरी पट याच खड्ड्यात पडले. त्यांची नावं आज आठवत नाहीत ते बरंच आहे.

ज्यांनी खुर्चीच हलवली त्यांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ‘युगांतर’ ही मंडळी. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांनी 1980 मध्ये बेंगळुरूत हा गट उभा केला. त्यांनी 1981 ते 1983 या काळात चार छोटे पट केले, आणि त्यांतले पहिले दोन मराठी मुलखातले, मराठी बोलणारे आहेत. मराठी रसिकाला ‘श्यामची आई’पासून ‘सामना’पर्यंत सगळं पाठ असतं, या दोन पटांची नावं विचारली तर मात्र दहातले नऊ जण गप्प बसतील.

पहिला ‘मोलकरीण’, 1981 चा, कृष्णधवल, अवघ्या पंचवीसेक मिनिटांचा. 1980 मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याची ही कहाणी. ज्यांनी पुण्याचे वाडे आणि नंतरच्या सोसायट्या पाहिल्या आहेत, त्यांना भांडी घासायच्या मोरीवर कॅमेरा नेण्यात काय विशेष आहे ते सांगायला नको. घरातली ती जागा पाहुण्याला दाखवायची नसते. बायका पगार सांगतात, खाडे सांगतात, सणावाराला वाढणारं काम सांगतात, आणि एकमेकींचं ऐकता-ऐकता हे दुखणं आपलं एकटीचं नाही हे त्यांच्या लक्षात येत जातं. या पटाची खरी गोम प्रेक्षकात आहे. फिल्म सोसायटीत बसून तो पाहणारा सुशिक्षित पुणेकर आणि त्या बायकांच्या बोलण्यातला मालक हे बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. प्रेक्षकाला हळहळून घरी जायची सोय इथं नाही, कारण घरी गेल्यावर मोरीत भांडी असतात. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा कायदा महाराष्ट्रात झाला तो 2008 साली. संपानंतर अठ्ठावीस वर्षांनी. पटामुळे कायदा झाला असा दावा मी करणार नाही. कायदे संघटनांच्या चिकाटीनं होतात. पण ‘मोलकरीण’ या शब्दापासून ‘कामगार’ या शब्दापर्यंतचा रस्ता ज्या बायकांनी चालायला घेतला, त्यांचे सुरुवातीचे आवाज त्या पंचवीस मिनिटांत आहेत.

दुसरा पट निपाणीचा, 1982 चा: ‘तंबाकू चाकिला ऊब आली’. निपाणी कर्नाटकात, भाषा मराठी, पीक तंबाखूचं. याच गावानं 1981 मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं तंबाखूच्या भावासाठीचं मोठं आंदोलन आणि त्यावरचा गोळीबार पाहिला. त्या आंदोलनावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. पण शेतातून बाहेर पडलेली तंबाखू पुढे वखारीत जाते, आणि तिथं धुराळ्यात बसून ती कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका असतात. त्यांच्यावर किती लिहिलं गेलं? युगांतरची मंडळी त्या बायकांमध्ये जाऊन राहिली, त्यांच्या बैठकांना बसली, वखारीच्या आतही कॅमेरा गेला. पडद्यावर तंबाखूची धूळ इतकी दाट दिसते की आपल्याच घशात खवखवायला लागतं. नाका-तोंडावर पदर गुंडाळलेल्या बायका, आणि मग त्याच बायका संघटनेच्या बैठकीत पदर खाली घेऊन ठणकावून बोलणाऱ्या. मजुरीचं बोलतात, मुकादमाच्या वागण्याचं बोलतात, अपमानाचं बोलतात. त्यांच्या बोलीवर कुणी इस्त्री फिरवलेली नाही.

नावाबद्दल थोडं. इंग्रजीत या पटाला ‘टोबॅको एम्बर्स’ म्हणतात, म्हणजे तंबाखूचे निखारे. मूळ नावात निखारे नाहीत, ऊब आहे. रचून ठेवलेली तंबाखू बाहेरून थंड दिसते, पण आतून तापत जाते. कुणी काडी लावावी लागत नाही. निखारा म्हटलं की तो फुंकणारा कुणीतरी बाहेरचा आला, पुढारी आला, दिग्दर्शक आला. ऊब ढिगाची स्वतःची असते. भाषांतरात हरवली ती एवढीच गोष्ट, पण नेमकी तीच युगांतरच्या पद्धतीचा गाभा होती: पटाचं म्हणणं त्या बायकांच्या चळवळीतून वर यायला हवं, मंडळींनी बेंगळुरूहून बरोबर नेलेलं नको. पुढे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर त्यांनी घरातल्या हिंसेवर ‘इदि कथा मात्रमेना’ हा छोटा कथापट केला, तेव्हाही हीच रीत ठेवली.

आता मुंबईकडे. 1981 च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला 10 जुलै 1985 उजाडला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं न्यायालयानं म्हटलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ असतं. त्याच निकालात पालिकेला पदपथ मोकळे करण्याची मुभा होती, फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत थांबायचं होतं, हे तितकंसं कुणी सांगत नाही. हक्क मोठा झाला, झोपडी गेली. ‘हमारा शहर’ त्या सगळ्या वर्षांच्या मधोमध उभा आहे. त्यात पालिकेचे आणि पोलिसांचे अधिकारी बोलतात, सुखवस्तू मुंबईकर शहर किती घाण झालं म्हणून हळहळतात, आणि ज्यांच्या हातांनी त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या ते लोक उघड्यावर स्वयंपाक करतात.

इथं एक कबुली. दिवाणखान्यातलं बोलणं आणि पाडलेली झोपडी शेजारी-शेजारी ठेवायची ही युक्ती मला आता थोडी स्वस्त वाटते. प्रेक्षकाला लगेच कळतं कुणावर चिडायचं, आणि चिडून झालं की त्याला आपण बरे वाटू लागतो. पट तेवढ्यावर थांबला असता तर चांगला प्रचारपट म्हणून विसरला गेला असता. त्याला वाचवलं त्या बाईनं. श्रीमंतांकडे वळलेलं बोट तिनं फिरवून कॅमेऱ्याकडे आणि पर्यायानं आपल्याकडे वळवलं.

पटवर्धनांवर, आणि एकूणच या पिढीवर, नेहमीचा आरोप म्हणजे समतोल नाही. याचं सर्वात गमतीदार दफ्तर भोपाळच्या पटापाशी सापडतं. तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांनी वायुदुर्घटनेवर 1986 मध्ये ‘भोपाल: बियाँड जेनोसाइड’ केला. ‘भुवन शोम’मधली मुळे अनेकांना माहीत आहे, माहितीपटासाठी भोपाळच्या वस्त्यांत फिरलेली मुळे फार थोड्यांना. या पटाला 1987 मध्ये राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. सरकारनंच गौरवलेला पट सरकारच्याच दूरदर्शननं दाखवायला नकार दिला, आणि कारणांची यादी मोठी बहारदार आहे. पट जुना झाला आहे. त्याचं प्रयोजन उरलेलं नाही. त्यात संयम नाही, समतोल नाही. नुकसानभरपाईचे दावे न्यायालयात आहेत. वातावरण आधीच तापलेलं आहे. पटात राज्य सरकारवर टीका आहे. जो पट जुना होऊन निकामी झाला त्यानंच वातावरण तापेल, ही दोन कारणं एकाच कागदावर लिहिताना कुणाचा हात अडखळला नसेल का? 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, आयुर्विमा महामंडळाच्या गृहपत्रिकेवरून निघालेल्या एका वादासोबत हे प्रकरण ऐकून, दूरदर्शनचं म्हणणं फेटाळलं. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून पट अडवता येत नाही, असं ठरलं. दुर्घटनेला तोवर आठ वर्षं होत आली होती.

समतोल हवा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की तराजू कुठून धरलात? वखारीच्या मालकाला पाच मिनिटं आणि बाईला पाच मिनिटं दिली की न्याय झाला, असं वाटणाऱ्यानं उरलेल्या चोवीस तासांत कोण बोलतं आणि कोण ऐकतं ते पाहिलेलं नसतं. पण याचा अर्थ दिग्दर्शकाला सगळं माफ असा नाही. समतोलाऐवजी त्याच्याकडून दुसरं काहीतरी मागायला हवं, आणि ते समतोलापेक्षा अवघड आहे. त्यानं आपल्याविरुद्धचा पुरावाही पटात ठेवावा.

ही अडचण फक्त आपली नव्हती. त्याच दशकात क्लोद लान्झमाननं ‘शोआ’ हा साडेनऊ तासांच्या आसपासचा पट केला, त्यात जुनं एकही चित्रीकरण न वापरता. ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत बायकांचे केस कापायला लावलेला एक न्हावी त्यात बोलता-बोलता थांबतो, पुढे बोलवत नाही म्हणतो, आणि लान्झमान त्याला बोलत राहा म्हणून आग्रह करतो. तो आग्रह पटात ठेवलेला आहे. मला तो क्रूर वाटतो. तरीही तो लपवलेला नाही याबद्दल आदर वाटतो. अमेरिकेत एरल मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’मुळे, 1976 च्या खुनाच्या आरोपाखाली फाशी सुनावलेला आणि पुढे जन्मठेप भोगत असलेला रँडल ॲडम्स 1989 मध्ये सुटला. एखाद्या पटानं याहून जास्त काय करायचं? सुटल्यावर काही काळातच ॲडम्स आणि मॉरिस यांच्यात कायदेशीर वाद सुरू झाला, आणि वादाचा विषय होता ॲडम्सच्या आयुष्याच्या कहाणीवर हक्क कुणाचा. ज्याला तुरुंगातून सोडवलं त्यानंही अखेर मुंबईतल्या त्या बाईचाच प्रश्न विचारला.

तिला उत्तर देता येतं का? पटात तर येत नाही. आलं तर पटाबाहेर. 1986 मध्ये दक्षिण मुंबईतली संजय गांधी नगर ही झोपडपट्टी पाडली गेली, तेव्हा पटवर्धन, शबाना आझमी आणि तिथले रहिवासी उपोषणाला बसले. त्यातून पर्यायी जागा मिळाली, तीही दूर गोरेगावला. हे उत्तर अर्धंमुर्धं आहे, पण उत्तर आहे.

दुसरं उत्तर यायला फार वर्षं लागली. ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी आत्महत्या केली. ज्याचा आवाज आपण आपल्या पटात घेतला तो माणूस असा का गेला, हे शोधायला पटवर्धन परत निघाले, आणि त्या शोधाला 14 वर्षं लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये पुरा झाला. घोगरे ज्या डाव्या सांस्कृतिक चळवळीत होते तिनंच त्यांना बाहेर काढलं होतं, हेही त्यात आहे. म्हणजे दिग्दर्शकाला जवळच्या वाटणाऱ्या राजकारणालाही जाब आहे. हा पट वस्त्या-वस्त्यांतून दाखवला गेला, आणि पडद्यावरचे लोक समोर सतरंजीवर बसून तो पाहत होते. काही जण म्हणतात पट लांबला आहे. लांबलाच आहे. परत जाणाऱ्याला वेळ लागतो.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि अकरा मिनिटांच्या रिळाची कटकट संपली आहे. बुलडोझर घर पाडतानाचं चित्रीकरण तर आता पाडणारेच करतात आणि अभिमानानं फिरवतात. घरं अशी पाडता येणार नाहीत, नोटीस देऊन पंधरा दिवस थांबा, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. ओटीटीवर माहितीपटांच्या मालिका रांगेनं येतात. त्यांत खून असतो, ड्रोननं घेतलेलं शहर असतं, अंधाऱ्या खोलीत दिवा सोडून बसवलेला साक्षीदार असतो. मी त्या पाहतो, कधी-कधी रात्री दोनपर्यंत. पण त्यांत कुणी उठून, तू कोण रे मला विचारणारा, असं म्हणाल्याचं आठवत नाही. म्हणत असतीलही. संकलनात राहत नसेल.

युगांतरच्या पटांची दुरुस्ती आणि जतन झालं ते बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या पुढाकारानं. निपाणीच्या बायकांचं मराठी जर्मनीत जपलं गेलं, याबद्दल त्या संस्थेचे आभारच मानायला हवेत. आता ते पट इंटरनेटवर पाहायला मिळतात. ‘मोलकरीण’ शोधून काढा. पंचवीस मिनिटांचाच आहे. एकट्यानं पाहू नका. घरी कामाला येणाऱ्या बाईंना त्या दिवशी भांडी राहू द्या म्हणा आणि शेजारी खुर्चीवर बसवून पाहा. मध्येच त्या काही बोलल्या, तर पट थांबवा.